कण्याची खाच

कारेगाव,
सोमवार

प्रिय सुले,

हे पत्र मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पत्र 'थांब हं, यांना देते' म्हणून नवऱ्याच्या हातात कोंबून स्वयंपाकघरात पळता येत नाही. फोनवर तू नेमकं तेच करतेस. केंदूरचं नाव निघालं, वाटेचा विषय आला, की तू गायब आणि माझा भाऊ हूं हूं करत बसलेला. नागसेनशी बोलणं म्हणजे दौंड स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीशी बोलणं. विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही समोर न बघता. तेव्हा आता निवांत बैस. कुकर लावला असशील तर गॅस बंद कर. आधी एक बातमी देते, बाकीचं क्रमानं सांगणार आहे, आणि मधली पानं टाकून शेवट वाचायचा नाही, ही तुझी शाळेपासूनची खोड आहे. बातमी अशी, की आप्पांचा ट्रॅक्टर चालू झाला. हो, तोच लाल, बुटका, ज्याला तुझा नवरा भंगार म्हणतो. त्यानं तो शब्द आता परत घ्यावा, तोही रेल्वे कॉलनीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तू ती वाट दहा वर्षांत पाहिली नाहीस म्हणून आठवण करून देते. गावातून निघालं की तुमची विहीर, विहिरीच्या कठड्यासमोर तो काळा धोंडा, दोघांच्या मधून वाट वळते आणि तुमच्या डाळिंबाच्या बागेच्या कडेकडेनं आमच्या रानात उतरते. आमच्या अडीच एकरांना दुसरीकडून तोंडच नाही. मागं ओढा, बाजूला खडक. त्या वळणाच्या पुढं तुझ्या आबांनी बाभळीच्या काट्या टाकल्या आणि आडवा लोखंडी पाइप रोवला. मी तहसीलला अर्ज केला तेव्हा त्यांनी उत्तरात लिहून दिलं, की ही केवळ पाऊलवाट असून येथून कधीही कोणतेही वाहन गेलेले नाही आणि जाऊ शकत नाही. सोसायटीचे चेअरमन राहिलेला माणूस, लिहिणं पक्कं. हे एकदा मान्य झालं असतं, तर आमचं रान कायमचं ओझं वाहण्याचं रान झालं असतं. खत डोक्यावर, कांदा डोक्यावर. असलं रान शेवटी शेजारचाच घेतो, त्याला हवं तेव्हा आणि त्याला हवं तसं. माझी सगळी धडपड एवढ्यासाठी होती, की आमच्या रानात पुन्हा चाक जावं.

आप्पांनी हा ट्रॅक्टर आणला तेव्हा आपण दोघी नववीत होतो. सुट्टीच्या दिवशी ते नारायणगावकडं गेले, तिथल्या एका द्राक्षवाल्याच्या बागेत हा जुना, जपानी बांधणीचा ट्रॅक्टर उभा होता, तो स्वतः चालवत घेऊन आले. सगळी वस्ती बघायला जमली आणि सगळी वस्ती हसली. गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरांपुढं तो म्हशीशेजारच्या रेडकासारखा दिसायचा. अठरा हॉर्सपॉवर म्हणजे काय, मोटारसायकलीची ताकद, असं कुणीतरी म्हणालं. आप्पा म्हणाले, "ताकद मोजू नका रं, रुंदी मोजा." दौंडच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांखाली निजून आयुष्य काढलेला माणूस तो; ट्रॅक्टर घ्यायच्या आधी काळा धोंडा ते विहिरीचा कठडा हे अंतर टेपनं मोजून गेला होता. पुढं हसणारे आपोआप गप्प झाले. तीन सिलिंडरचं ते इंजिन डिझेल चाटून प्यायचं, माती भुसभुशीत करणारा लहान रोटर फिरवायचं, फवारणीचा पंप चालवायचं, कांद्याची ट्रॉली चढावर ओढायचं, आणि सुगीत मागच्या शाफ्टवर पट्टा चढवला की मळणीयंत्रसुद्धा ओढायचं. तुमच्या डाळिंबाच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरला की फांद्या मोडायच्या. मग तुझे आबाच निरोप धाडायचे, "चांगदेव, तुझं ते खेळणं घिऊन ये." आप्पा जायचे. कोणत्या वाटेनं जायचे, हे मात्र आबा तहसीलच्या उत्तरात लिहायला विसरले.

वाट बंद झाली ती तुमच्या लग्नाच्या आठवड्यात. तू आणि नागसेन पुण्यात नोंदणी करून परस्पर दौंडला गेलात आणि इकडं दुसऱ्याच सकाळी काट्या पडल्या. आनंदराव पाटलाची पोर बौद्धाच्या घरात नांदणार, याचा राग तुमच्यावर काढता येईना, म्हणून तो वाटेवर निघाला. आई म्हणाली केस करा. आप्पा म्हणाले, "सुनंच्या बापावर केस करायची न्हाई. तिला काय वाटंल?" झालं. ट्रॅक्टर छपरात उभा राहिला आणि म्हातारपणी आप्पा डोक्यावर कांद्याची पिशवी घेऊन काट्यांच्या फटीतून ये-जा करू लागले. शर्ट फाटला की आईला सांगायचे, बोरीला अडकला. हे तुला सांगायची आम्हाला बंदी होती, म्हणून आज सांगते आहे. दोन वर्षांपूर्वी ते तुमच्याकडं दौंडला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या आजारपणात सगळं तू केलंस, पोटच्या मुलीनं करावं तसं. ते गेले आणि मी ठरवलं, आता त्यांचा शब्द संपला. मला राग येतो सुले. आप्पांइतकी मोठी मी नाही, आणि मला व्हायचंही नाही.

सुनावणीला तहसीलदार बाई होत्या. तरुण, चष्म्याच्या, बोलणं मोजकं. आबांच्या वकिलानं वाहन जाऊच शकत नाही, जाऊच शकत नाही असा घोष लावला, आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं, "जातं की! आमचा ट्रॅक्टर जातो." बाईंनी वर बघितलं. "जातो, की जायचा?" मी म्हटलं, "जातो." "मग जागेवरच बघू," म्हणून त्यांनी स्थळपाहणीची पुढच्या महिन्यातली तारीख दिली. बाहेर आल्यावर सतीशनं नवऱ्याच्या हक्कानं कपाळाला हात लावला. कारण ज्या ट्रॅक्टरबद्दल मी छातीठोक बोलून आले होते, त्याच्या टायरांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, बॅटरी कधीच मेली होती आणि सीटवर आईची खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

कोंबडी हलव म्हटलं तर आई माझ्याकडं अशी बघायला लागली, की मीच अंडी चोरायला आले आहे. "ती उठस्तवर शीटला हात लावायचा न्हाई. इतकी वर्सं कुणी लावला न्हाई, आन् आत्ताच कसली घाई?" आमच्या आईपुढं, जाईबाईपुढं, तहसीलदाराची काय टाप! शेवटी तोडगा निघाला, की काम पुढून सुरू करायचं, मागची बाजू कोंबडीची. पाबळच्या रस्त्यावर गॅरेज टाकलेल्या म्हस्कूला बोलावलं. त्यानं बॉनेट उचललं आणि आधी हसूनच घेतलं. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी तुझ्या माझ्या जुन्या दप्तरांच्या चिंध्यांचा बंगला बांधला होता, वायरी कुरतडून त्याला तोरणं लावली होती. म्हस्कू म्हणाला, "ताई, ह्या वायरी-बियरीचं मला काय न्हाई. इंजान जाम नसंल तर आपुन जिंकलो, आन् जाम असंल तर गेलं." मग त्यानं सिलिंडरांत थोडं थोडं तेल सोडलं आणि ते मुरायला ठेवून दिलं. पुढच्या सुट्टीला पुढची पुली पाना लावून फिरवायची होती. म्हस्कूनं जोर लावला, हलेना. मी लावला, हलेना. दोघांनी मिळून लावला आणि आतून एक जाडसर सुस्कारा आल्यासारखा आवाज होऊन पुली बोटभर सरकली. सुले, मी किंचाळले. कोंबडी उठून उभी राहिली, आई धावत आली आणि मला शिव्या घालून कोंबडीला परत बसवून गेली.

त्यानंतरची कामं म्हणजे जुन्या ट्रॅक्टरचं नेहमीचं दुखणं. टाकीतल्या डिझेलचा डिंक झाला होता आणि तळाला गंजाचा गाळ. टाकी उतरवून, आत खडे टाकून, हलवून हलवून धुतली. फिल्टर नवे घातले. इंजिन गरम करणारे हीटर प्लग जळाले होते, ते बदलले. मग डिझेलच्या नळीतली हवा काढायची. हे काम मात्र मी म्हस्कूला करू दिलं नाही, कारण ते आप्पांनी मला शिकवलं होतं. नट जरासा सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली की नट आवळायचा. आप्पा म्हणायचे, घाई करणाऱ्याच्या इंजिनात कायम हवा राहते. तुला म्हणून सांगते, त्या धारेकडं बघताना माझे डोळे भरून आले आणि म्हस्कू लांब जाऊन उगाच पाने पुसत बसला. मग बटण दाबलं. एकदा नुसतं कण्हलं, दुसऱ्यांदा पांढरा धूर, तिसऱ्यांदा ते इंजिन असं लागलं, टकटकटकटक, की अख्ख्या वस्तीतली माणसं दारात आली. तोवर पिल्लं निघाली होती म्हणून बरं. कोंबडी आपलं लटांबर घेऊन ऐटीत चालती झाली आणि सीट माझ्या ताब्यात आली.

इंजिन लागलं, पण गिअर पडेना. क्लच दाबला तरी आतली प्लेट सोडायला तयार नाही. इतकी वर्षं एका जागी उभा राहिल्यामुळं ती गंजून चिकटून बसली होती. म्हस्कू म्हणाला, एक तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करायचे, त्यात तारीख निघून जाईल, नाहीतर एक गावठी इलाज आहे. मी म्हटलं, गावठीच कर. मग गायरानावर ढकलत नेला, क्लचचं पेडल दाबून दोरीनं बांधून टाकलं, गिअर आधीच टाकून ठेवला आणि तसाच स्टार्टर मारला. ट्रॅक्टर जो उधळला, तो थांबायचं नावच घेईना, कारण थांबवायला क्लच हवा आणि क्लच तर चिकटलेला. मी गायरानावर गोल गोल फिरते आहे, मधे मधे ब्रेक हाणते आहे, म्हस्कू मागं पळत ओरडतो आहे, "हाणा ताई, आजून हाणा," आणि शेळ्या सैरावैरा. किती चकरा झाल्या देव जाणे, हे आप्पांसमोर म्हटलं असतं तर त्यांनी देव मधे कशाला म्हणून हटकलं असतं. शेवटी एकदा खाडकन आवाज झाला, इंजिन मोकळं भरारलं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. प्लेट सुटली. कंपनीत दिवसभर पार्टची मापं तपासणारी, खाली मान घालून चालणारी मी, गायरानाच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात वर करून नाचले. हे सतीशनं मोबाइलवर घेतलं आहे आणि नागसेनला दाखवणार आहे, तरी तू आधीच विश्वास ठेव.

आता खरी गोष्ट ऐक, इथं माझी जिरायची वेळ आली होती. नवे टायर घातले, ट्रॅक्टर चकाचक पुसला आणि तारखेच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम म्हणून काळ्या धोंड्यापर्यंत नेला. काट्या वळणाच्या पलीकडं, त्यामुळं तिथपर्यंत जायला कुणाची हरकत नव्हती. वळणावर अगदी हळू घातला आणि मागचं चाक धोंड्याला जाऊन थडकलं. मागं घेऊन पुन्हा घातला, तर दुसरं चाक कठड्याला. चार बोटं! चार बोटांसाठी ट्रॅक्टर अडला. म्हस्कू धोंड्याभोवती फिरून आला आणि गंभीरपणे म्हणाला, "ताई, धोंडा वाढलाय." तुमचा गडी जयसिंग बागेतून सगळं बघत होता. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की गौतमीचा ट्रॅक्टर अडकला, आबांचं म्हणणं खरं निघालं. सगळ्यांसमोर मीच म्हटलं होतं, जातो.

मी त्या धोंड्यापुढं मांडी घालून बसले. आप्पांनी मोजूनमापून आणलेला ट्रॅक्टर इथून वर्षानुवर्षं गेला, धोंडा तोच, कठडा तोच, मग वाढलं काय? आणि मला धोंड्यावरची खाच दिसली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, आडवी, वीतभर, आतून गुळगुळीत. आमच्या मागच्या चाकाचा मधला नट बरोबर त्याच उंचीवर येतो. पण आत्ता तो नट टायरच्या कितीतरी आत होता, टायर आधी धोंड्याला लागत होता, मग नट धोंड्याला घासणारच कसा? याचा अर्थ तेव्हा नट बाहेर होता आणि टायर आत! मी टुणकन उठले. चाकाचा मधला लोखंडी पत्रा तव्यासारखा एका बाजूनं खोलगट असतो, ती खोलगट बाजू म्हणजे त्याचं पोट. पोट ज्या बाजूला, तिकडं टायर सरकतो. आप्पांनी चाकं पोट आत करून बसवलेली होती, ट्रॅक्टर अरुंद व्हावा म्हणून. म्हस्कूनं नवे टायर घालताना ती चारचौघांसारखी, पोट बाहेर करून बसवली. बिचाऱ्यानं लगेच एक चाक जागच्या जागी उलटं करून पाहिलं, तर टायरवरच्या नक्षीचे बाण मागं तोंड करून बसले. तसा ट्रॅक्टर चिखलात पायच धरणार नाही. मी म्हटलं, उजवं डावीकडं घाल, डावं उजवीकडं. घातलं. बाण पुढं, पोट आत, आणि नट दोन्हीकडं कानातल्या कुड्यांसारखे बाहेर. म्हस्कू डोकं खाजवत म्हणाला, "च्यायला, अडला व्हता त्यो म्या अडवलेला व्हय." आम्ही तिथं मुद्दाम पुन्हा चालवून बघितला नाही. जयसिंग बागेत होता, आणि गावानं तेवढे दिवस खूश राहायला माझी हरकत नव्हती.

स्थळपाहणीला निम्मं गाव लोटलं. तहसीलदार बाई, तलाठी, एक कारकून, आबांचा वकील. आबा पांढऱ्या टोपीत, हात मागं बांधून विहिरीपाशी उभे. ते वाळलेत सुले, हे तुला सांगायला हवं. तुझी आई, साखरकाकू, डोक्यावर पदर घेऊन कठड्याच्या टोकाला उभ्या होत्या. बाईंनी काट्या आणि पाइप बाजूला करायला लावला आणि मला म्हणाल्या, "हं, आणा." मी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन अगदी मंद ठेवून घातला. वळण आलं. एका बाजूला कठडा तळहाताच्या अंतरावर, दुसऱ्या बाजूला नट धोंड्याच्या खाचेत शिरला, कर्रर्र करत खाचेतूनच सरकला आणि पलीकडं निघाला. मी थांबले नाही. डाळिंबाच्या कडेनं सरळ आमच्या रानात गेले, तिथं वळण घेतलं आणि त्याच वाटेनं परत आले. वस्तीतल्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. म्हस्कूनं तर माझ्याकडं बघून असा सलाम ठोकला, की जणू मी परेड करत आले.

पण वकील काही कच्चा नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, आज कसाबसा घातला असेल, पूर्वी कधी वाहन जात होतं याला पुरावा काय?" बाई धोंड्याजवळ वाकल्या, खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही कशाची?" मी म्हटलं, आमच्या ट्रॅक्टरच्या नटाची. हे ऐकलं आणि आबांचा पारा चढला. त्यांच्या धोंड्यावर आमची खूण असावी, हे त्यांना सहन होईना. ते वकिलाला बाजूला सारून पुढं आले आणि गरजले, "कशाचा ट्याक्टर घिऊन बसलीस? माझ्या आज्ज्यापासनं हाय ती खाच. बैलगाडीच्या कण्याची हाय. भरल्या गाड्या जायाच्या हितनं, तवा कणा घासायचा!" वकिलानं डोळे मिटले. बाई सावकाश सरळ झाल्या. "म्हणजे इथून भरलेल्या बैलगाड्या जात होत्या, असं तुमचं म्हणणं आहे?" केवळ पाऊलवाट, कधीही कोणतेही वाहन नाही, असं लिहून देणाऱ्या माणसानं आज्ज्यापासूनच्या गाड्या वाटेवर आणून उभ्या केल्या होत्या. बाई कारकुनाला म्हणाल्या, लिहा. सुले, तुला एक गुपित सांगते. बैलगाडीचं चाक मोठं, तिचा कणा, म्हणजे चाकांचा आस, मांडीला लागतो, गुडघ्याला नाही. ती खाच गाडीची असूच शकत नाही. मापं घेण्यावरच मी पगार घेते, माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसले. आई नंतर म्हणाली, तिला ट्रॅक्टर गेल्यापेक्षा याचंच नवल वाटलं.

आणि तेवढ्यात साखरकाकू बोलल्या. कुणी विचारलं नव्हतं. पदर जरा मागं सारून, कारकुनाकडं बघत, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "कण्याची न्हाई ती. ट्याक्टरचीच हाय. माझी सुली त्याच्यावर बसून जायाची, म्या हितंच उभी राहून बघायची." तुझं नाव तुमच्या घरात दहा वर्षं कुणी घेतलं नव्हतं, हे सगळ्या केंदूरला ठाऊक आहे. आबांनी मान वळवून काकूंकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत, हटकलंही नाही. कारकुनानं काकूंना नाव विचारलं, त्यांनी पूर्ण सांगितलं आणि सही केली. माझ्याजवळून जाताना त्यांनी ट्रॅक्टरच्या गरम बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला असणार, पण पटकन काढला नाही.

निकाल आपल्या बाजूनं लागला. वाट गाडीवाट आहे, अडथळा काढावा. पाइप उपटायला जयसिंगच आला आणि जाताना मला हळूच म्हणाला, "बरं झालं ताई, वळसा घालून पाय मोडायचं." दुसऱ्या दिवशी मी ट्रॉली जोडली. आई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून ट्रॉलीत बसली, मधोमध, आणि वस्तीपासून रानापर्यंत दिसेल त्याला खणखणीत जयभीम घालत गेली. विहिरीपाशी आली तेव्हा तिनं आवाज जरा चढवला, हे मी ऐकलं. दहा वर्षांनी आमच्या रानात शेणखत डोक्यावरून नाही, चाकावरून पडलं. मी रोटर लावून एक फेर मारला, मागं काळीभोर माती उलटत होती, आणि मी मोठमोठ्यानं गाणं म्हणत होते. कोणतं ते विचारू नकोस, सूर लागला नव्हता.

आता हे पत्र कशासाठी, ते. आप्पा गेले त्या दिवशी तू दाराच्या पायरीवर बसून मला म्हणाली होतीस, की गौते, माझ्यामुळं वाट बंद झाली, त्या वाटेनं ट्रॅक्टर गेल्याशिवाय मी केंदूरला पाऊल ठेवणार नाही. अर्ज लिहिताना डोळ्यांपुढं रान होतं हे खरं, पण कानात तुझं हे वाक्य होतं. ट्रॅक्टर गेला, सुले. आता शब्द पाळ. येत्या रविवारी कांद्याची लागण आहे. तू, नागसेन आणि माझी भाची तेजश्री शिरूरची एसटी धरा, तिथून कारेगावला या, पुढं मी नेते. मागच्या गल्लीनं, मान खाली घालून नाही. ट्रॅक्टरवर, विहिरीवरून, तुझ्या आईच्या डोळ्यांसमोरून. आबांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही, आणि माफी मागावी असं तू काही केलेलंही नाहीस. ते माझ्याशी बोलत नाहीत, मीही त्यांच्याशी बोलत नाही. फक्त काल मी रानात निघाले, तर वळणापुढच्या बाभळीची ती आडवी फांदी बुंध्यापासून छाटलेली दिसली. जयसिंगला विचारलं, तर म्हणाला, आबांनी स्वतः, पहाटेच कुऱ्हाड घेऊन. मी मधल्या सीटवर बसते, माझ्यापासून ती हातभर लांब होती, मला ती जन्मात लागली नसती. ती लागायची फक्त उजव्या मडगार्डवर बसणाऱ्याला. तिथं कोण बसायचं, हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
गौती